दहा दिवस पाणी

जुनं काँक्रीट फोडलं की राडारोडा निघतो, तसे आमच्या धंद्यात किस्से निघतात. राडारोडा ट्रॉलीत भरून गावाबाहेर टाकता येतो. किस्से कुठे टाकणार? पूर्वी सोय होती. दुपारी डबा उघडला की एक किस्सा धर्मा मिस्तरी सांगायचा, एक मी सांगायचो, आणि दोघांनी एकमेकांचे शंभरदा ऐकलेले असले तरी हसायचं तिथे हसायचो. आता धर्मा नाही. म्हणजे आहे, म्हसावदला आपल्या घरी ठणठणीत आहे, पण माझ्याकडे कामाला येत नाही. आठ महिने झाले. चूक माझी आहे. ती सांगायचा धीर यायला आधी दोन-चार किस्से सांगावे लागतील, तेवढं चालवून घ्या.

मी वसंत, पण सगळे नाना म्हणतात. शहाद्यात राहतो. बंगल्यातल्या गाडीखोलीचा फुटलेला तळ काढून नवा करून देणं हा माझा धंदा. गॅरेज म्हटलं तर आमच्याकडे लोक मेकॅनिककडे पाठवतात, म्हणून आम्ही गाडीखोली म्हणतो. जमीन सगळी काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं काँक्रीटही तिच्याच वळणावर जातं. त्यामुळे कामाला तोटा नाही. तोटा माणसांचा आहे. बायको नातवाला सांभाळायला पुण्याला गेली, ती आता तिथलीच झाली. डबा खानावळीतून येतो. बावीस वर्षं माझं बोलणं, भांडणं, रुसणं जे काय झालं ते धर्माशीच झालं.

•

धर्मा तळ तपासायचा तो अनवाणी. इंजिनिअर लोक हातोडीने ठोकून बघतात, हा चपला काढून चालायचा. टाच दोन ठिकाणी आपटायचा आणि खाली काय आहे ते सांगायचा.

तापीकाठच्या एका गावात एका गुजर काकांकडे गेलो होतो. केळीचा मोठा बागायतदार माणूस. त्यांचं म्हणणं, वरून पातळ थर मारा, बाकी तळ पहाडासारखा आहे. धर्मा एक फेरी मारून आला आणि आपल्या अहिराणीत म्हणाला, "खाले पोकय शे." म्हणजे खाली पोकळ आहे.

काका चिडले. "मन्हा समोर करेल काम शे हाई. पोकय कसं व्हई?"

पैज वगैरे नाही, पण काकांनी स्वतःच घण उचलला. तिसऱ्या घावाला काँक्रीटचा तुकडा खाली बसला आणि आत जे दिसलं त्याने काकांचं तोंड उघडंच राहिलं. उंदरांची बिळं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि बिळांत हरभरा. थोडाथोडका नाही, दोन पाट्या भरून निघाला! काकी दारात आल्या. दाणे कुठे जातात म्हणून चार वर्षं गड्यांवर संशय घेतला, ते त्यांना आठवलं असणार, कारण त्या एकदम गप्प झाल्या.

धर्माने खाली वाकून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "काका, तुम्हना घरमा दोन गोडाऊन शेतस. खालनं जास्त भरेल शे."

•

त्याच काकांच्या शेजारी दुसरं घर. हे मोठं, दुमजली, आणि राहतात फक्त दोन म्हातारी माणसं. मुलगा परदेशात. त्याने आईवडिलांसाठी गाडी पाठवली, म्हणजे शोरूमला सांगून दारात उभी केली. दोघांपैकी कोणालाच चालवता येत नाही. गाडीखोलीचा तळ मात्र काळ्या मातीने फोडायचा तो फोडलाच होता.

गाडी बाहेर काढायची तर बॅटरी मेलेली. आम्ही सहा जणांनी ढकलली. आम्हाला वाटलं, रिकामी गाडी, जाईल सहज. हलेना! धर्माने मागचं दार उघडलं, तर मागच्या सीटवर पापडांचे डबे, कुरडया, लोणच्याच्या बरण्या आणि पाहुण्यांसाठी शिवलेली नवी गोधडी. उंदरांना काचा वर करता-खाली करता येत नाहीत, म्हणून त्या काकींनी हे कोठार केलेलं.

काम तीन दिवसांत झालं. नव्या काँक्रीटवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं, नाहीतर ते वरून तडकतं. पहिले दोन दिवस पाणी मारायला आम्ही गेलो, तर काकी चहा करून बसलेल्या. तिसऱ्या दिवशी चहाबरोबर शिरा. चौथ्या दिवशी काका स्वतः गेटवर खुर्ची टाकून वाट बघत होते.

काकींनी विचारलं, "मिस्तरी, पानी किती दिन मारनं पडी?"

"दहा दिन, काकी."

काकींनी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. "आनि वीस दिन मारं ते?"

आता हा धर्मा असा माणूस, की सिमेंटच्या बाबतीत स्वतःच्या बापाचंही ऐकलं नसतं. दहा म्हणजे दहा. वीस दिवसांचा उपयोग नाही हे मला माहीत, त्याला माझ्याहून जास्त माहीत.

तो म्हणाला, "वीस दिन मारं ते आखो पक्कं व्हई."

आणि वीस दिवस गेला. सकाळ-संध्याकाळ.

•

आमचा तिसरा माणूस सायसिंग. तोरणमाळच्या घाटाखालच्या पाड्यावरचा पावरा आदिवासी. माल कालवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. बोलतो कमी, त्यामुळे बोलला की ऐकावं लागतं.

एकदा एका डॉक्टरांकडे काम चालू होतं. आठ वर्षांत तिसऱ्यांदा तळ फुटला होता आणि डॉक्टर त्याच त्रासाने बोलत होते. सिमेंट पूर्वीचं राहिलं नाही, वाळू पूर्वीची राहिली नाही, माणसं तर नाहीच. मग सायसिंगकडे वळून म्हणाले, "तुमच्या घराची जमीन कशाची?"

"मातीची."

"मग ती नाही फुटत?"

सायसिंग फावडं टेकवून उभा राहिला. "आमची बायको दर आठ दिवसाला सारवते. फुटायला टाईमच भेटत नाही."

डॉक्टर विचारात पडले. धर्मा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "नाना, याले गप कर. कोनी आयकं ते आपला धंदा बठी जाई."

•

पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यातून रिटायर झालेले एक आप्पा आहेत. आयुष्य वजनकाट्यावर गेलं, त्यामुळे कोणाच्याही डोळ्यावर विश्वास नाही. गाडीखोलीच्या तळाला गेटच्या दिशेने उतार लागतो, म्हणजे गाडी धुतल्यावर पाणी बाहेर जातं. धर्माने उतार काढून दिला, काँक्रीट वाळलं, आणि आप्पा हातात गोटी घेऊन आले. काचेची, पोरं खेळतात ती.

त्यांनी गोटी सोडली. गोटी निघाली आणि सरळ भिंतीला जाऊन लागली.

"काय मिस्तरी?"

 धर्माने गोटी उचलली, बोटांत फिरवली आणि आप्पांच्या हातात दिली. "आप्पा, दुसरी शे का?"

आप्पांनी घरातून दुसरी आणली. ती गेली बरोबर गेटकडे, मध्ये कुठे न अडता. पहिलीचा टवका उडालेला होता. आप्पांनी मग उरलेल्या सात गोट्या आणल्या आणि आम्हाला संध्याकाळपर्यंत सोडलं नाही.

तेव्हापासून पंधरा-वीस दिवसांनी त्यांचा फोन येतो. पूर्वी धर्मा घ्यायचा. बोलणं एवढंच असायचं की आज गोटी सोडली, बरोबर गेली. त्यावर धर्मा विचारायचा, कोणती, निळी का हिरवी? मग दहा मिनिटं गप्पा. त्या फोनला मी खूप हसायचो.

आता धर्मा काम सोडून गेल्यावर त्याने तो नंबरही बंद केला. आप्पा मला फोन करतात. "मिस्तरीले सांग, गोटी बराबर गेटकडे जाई ऱ्हायनी."

मी म्हणतो, बरोबर जातेय ना, सांगतो आप्पा. आणि फोन ठेवून डब्यातली गार पोळी खातो. आता त्या फोनला हसू येत नाही.

•

तर आता चुकीकडे येतो. टाळून टाळून किती टाळणार.

शहाद्यातच आमच्या कॉलनीच्या मागे चौधरी सर राहतात. निवृत्त मुख्याध्यापक. एकटेच असतात. त्यांचा मुलगा बंगळुरूहून नवी गाडी घेऊन येणार होता, तीन वर्षांनी, आणि फक्त दोन दिवसांसाठी. सरांनी त्यासाठी गाडीखोलीचा तळ नवा करायला काढला. एरवी त्या खोलीत सरांची सायकल असते.

आमचं काम एका आठवड्याने मागे पडलं. मुलगा येणार त्या दिवशी काँक्रीटला फक्त पाच दिवस होत होते. धर्मा मला स्पष्ट म्हणाला, "नाना, दहा दिन चाक चढाडू नको. काम अजून कच्चं शे."

सरांनी मला एकट्याला गाठलं. म्हणाले, "वसंतराव, त्याची गाडी रस्त्यावर उभी करायची का? तो आल्या आल्या म्हणेल, बाबा, तुमच्याकडे जागाच नाही." मोठा माणूस, आवाज असा झाला की मला नाही म्हणवेना. मी म्हणालो, "आणा सर. काही होत नाही."

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चाकांच्या खालून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत भेग. सरांनी आम्हाला चालू कामावरून बोलावून घेतलं. मुलगा उभा, सून उभी, शेजारचे दोघे उभे. सरांनी शाळेत विचारावं तसं विचारलं, "पाचव्या दिवशी गाडी आणा, असं कोणी सांगितलं होतं?"

सांगितलं मी होतं. सरांनाही माहीत होतं. पण त्यांना मुलासमोर आपली घाई सांगायची नव्हती आणि मला चार लोकांत आपलं नाव. माझी जीभ चालली. मी म्हणालो, "मिस्तरीचा अंदाज चुकला, सर."

धर्मा नळावर थापी धूत होता. त्याने वर पाहिलं नाही. थापी धुतली, पुसली, पिशवीत घातली. पिशवी स्कूटरला लावली आणि निघून गेला. बावीस वर्षांत मी त्याला एकदा जरी शिवी दिली असती तर तो उलट शिवी देऊन मोकळा झाला असता. हे शिवीपेक्षा वाईट होतं, आणि त्याला उलट देण्यासारखं काही नव्हतं.

•

दुसरा मिस्तरी ठेवला. तरणा, कामाला चांगला, काँक्रीट घोटायचं मशीन वापरतो. कानात मात्र सतत त्या वायरी नसलेल्या गुंड्या.

एका दुपारी डबा उघडला आणि राहवलं नाही. मी त्याला उंदरांच्या गोडाऊनचा किस्सा सांगितला, अगदी रंगवून. काकांचा घण, काकींचं गप्प होणं, दोन पाट्या हरभरा, सगळं. शेवटचं वाक्य म्हटलं आणि थांबलो.

त्याने एका कानातली गुंडी काढली. "काय म्हणाले, नाना?"

मी म्हणालो, काही नाही, जेव.

सायसिंग तिकडे फावड्याच्या दांड्यावर हनुवटी ठेवून बसला होता. त्याने तो किस्सा धर्माच्या तोंडून ऐकलेला. तो म्हणाला, "मी हसू का?"

•

मग एका रविवारी म्हसावदला गेलो. माफी मागायची असं ठरवून गेलो. रस्ताभर वाक्य पाठ केलं. धर्मा ओट्यावर बसलेला होता. आतून वहिनी म्हणाल्या, "या नाना, बठा." चहा आला.

धर्मा म्हणाला, "औंदा मिरची बरी शे."

मी म्हणालो, हो, बरी आहे.

मग पपई. मग केळीचा भाव. मग त्याच्या जावयाचं बोअरवेल. मला शेती गुंठाभरही नाही, पण तासभर मी मिरचीवर असा बोललो की बाजार समितीत निवडून आलो असतो. पाठ केलेलं वाक्य दोनदा ओठांवर आलं आणि दोनदा चहाबरोबर खाली गेलं. निघताना वहिनी गाडीपर्यंत आल्या. त्यांनी विचारलं, "नाना, काही काम व्हतं का?"

मी म्हणालो, "नाही वहिनी, मिरची बघायला आलो होतो."

शहाद्यापर्यंत स्वतःला शिव्या देत आलो. घरी कुलूप उघडलं, दिवा लावला आणि बूट न काढता बराच वेळ नुसता बसलो. इतकं एकटं मला बायको पुण्याला गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

•

गेल्या महिन्यात मी चौधरी सरांकडे गेलो आणि म्हणालो, सर, तुमचा तळ फोडतो आणि नवा करून देतो.

सर म्हणाले, "मी काही म्हटलं का तुम्हाला?"

"नाही."

"गाडी तर पुन्हा आली नाही, वसंतराव. आता कोणासाठी करता?"

मी म्हणालो, "माझ्यासाठी." सरांनी गेट उघडून दिलं.

नव्या मिस्तरीला नेलं नाही. ते काम त्याच्या हातून करून घ्यायला मन घेईना. मी आणि सायसिंग, दोघंच. फोडलं, माती काढली, मुरूम भरून ठोकला. काँक्रीट कालवलं सायसिंगने, आणि पसरून घोटलं मी. वीस वर्षं थापी हातात घेतली नव्हती, नुसतं दुसऱ्यांच्या मागे उभं राहून बोट दाखवत होतो. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात, माझ्या बाबतीत अंगण वाकडं करणाराही मीच. गुडघे मोडून दिवस ढळेपर्यंत घासलं. उठताना सायसिंगने काखेत हात घालून उठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी मारायला गेलो. पाइप सोडला. पाणी गेटकडे जाईना. खोलीच्या मधोमध गोळा व्हायला लागलं आणि बघता बघता परातीएवढं डबकं झालं! सायसिंग दुसरीकडे बघत उभा राहिला. त्याला एखाद्या गोष्टीकडे बघायचं नसलं की तो झाडावर पक्षी शोधतो.

सर बाहेर आले. चष्मा पुसला, घातला, डबक्याकडे पाहिलं. मग त्यांनी त्याच आवाजात विचारलं, "हे कोणी केलं?"

या खेपेला शेजारी नव्हते, मुलगा नव्हता. पण असते तरी चाललं असतं. हातात पाइप तसाच होता. मी म्हणालो, "मी केलं, सर. माझ्या हाताने. आणि मागच्या वेळी पाचव्या दिवशी गाडी आणा म्हणालो तोही मीच. धर्माने मला दहा दिवस सांगितले होते. त्याचा अंदाज कधी चुकला नाही. मी खोटं बोललो."

सरांनी चष्मा नीट केला. ते माझ्या मागे बघत होते.

मी वळलो. गेटात धर्माची स्कूटर उभी होती आणि स्कूटरशेजारी धर्मा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी पँट, खिशाला पेन. त्याला कोणी सांगितलं, तो कधीपासून उभा होता, त्याने किती ऐकलं, मला आजही माहीत नाही. सायसिंग पक्षी शोधत होता.

धर्मा आत आला, डबक्याच्या कडेला थांबला आणि सरांना म्हणाला, "त्यानं आयकू नका, सर. हाई काम मन्हं शे. उतारनी चूक मन्हीच शे."

सरांनी त्याच्या पांढऱ्या कपड्यांकडे पाहिलं. मग कोपरापर्यंत सिमेंटने माखलेल्या, फोड आलेल्या माझ्या हातांकडे पाहिलं. तीस वर्षं मुलांच्या तोंडून खरं-खोटं काढलेला माणूस तो.

"असं," सर म्हणाले. "मग दोघांनी मिळून परत करा."

आणि आत गेले.

धर्माने खिशातलं पेन काढून खिडकीत ठेवलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि म्हणाला, "सायसिंग, फोडाले घन लई ये."